तुझं तू ठरव

मोठ्या बैठकीच्या दालनात मागच्या भिंतीला लागून एक काचेची खोली असते. खोली कसली, कपाटच म्हणा. दोन खुर्च्या, दोन माईक, आणि दार लावलं की जीव कोंडतो. त्या कपाटात ताईंचं उभं आयुष्य गेलं. बाहेर परदेशी पाहुणे त्यांच्या भाषेत बोलायचे, आणि ताई ते आपल्या भाषेत, त्याच दमात, मंत्र्यांच्या कानात घालायच्या. सगळं कार्यालय त्यांना ‘काचेतल्या ताई’ म्हणायचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं.

दुभाष्याच्या धंद्याची एक गंमत आहे. पाहुणा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळे ताई दिवसभर ‘मी हा करार मोडीन’, ‘मी शेजारी देशाला बजावून सांगतो’ असलं काहीबाही बोलायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन दुधाची पिशवी गळते म्हणून डोक्याला हात लावून बसायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर, त्यात एकट्या ताई. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून बोलून घरी स्वतःचं बोलायची ताकदच उरायची नाही, आणि बोलणार तरी कोणाशी, भिंतींशी?

धंद्याचा दुसरा नियम गमतीचा नव्हता. कपाटात ऐकलेलं कपाटातच ठेवायचं. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. तशी शपथ घेतलेली असते. ताईंनी ती इतकी पाळली की नवऱ्यालासुद्धा कधी ‘आज कोण आलं होतं’ एवढंही सांगितलं नाही. त्यावरून तो रुसायचा बिचारा. आता रुसायलाही कोणी नव्हतं.

तर त्या वर्षी देशाचा पन्नास वर्षांचा आराखडा करायला परदेशी तज्ज्ञ आले. देश कुठे जाणार, काय विकणार, कोणाशी दोस्ती करणार, कोणाला नुसता नमस्कार करून वाटेला लावणार, सगळं ठरायचं होतं. असा एक आराखडा मागेही झाला होता, तोही ताईंच्याच तोंडून. सरकार बदललं आणि त्याची रद्दी झाली. पण तज्ज्ञांना त्याचं काय! उंटावरून शेळ्या हाकायच्या, संध्याकाळी हॉटेलात जायचं. त्यांचा प्रमुख मात्र माणूस भला होता. उंच, थकलेला, डोळ्यांखाली पिशव्या आलेला. जाता-येता काचेकडे बघून मान लववायचा. आपण जे बोलतो ते निम्मं या बाईचं असतं, हे कळणारे थोडेच असतात.

ताईंची धाकटी बहीण दूर, जुन्या बंदराच्या गावी राहायची. तिथल्या सरकारी दवाखान्यात ती परिचारिका. नवरा बंदरावर माल उचलायच्या यारीच्या, म्हणजे क्रेनच्या, दुरुस्तीला. एक मुलगी, मावशीवर जीव टाकणारी. ताई गेली कित्येक वर्षं धाकटीच्या मागे लागल्या होत्या. ‘ये गं इकडे राजधानीत. मोठा दवाखाना आहे, पोरीचं शिक्षण होईल, नवऱ्यालाही काम मिळेल कुठेतरी.’ दर रविवारच्या फोनवर हेच पालुपद. धाकटी हसून टाळायची. म्हणायची, “ताई, तुझी कॅसेट अडकलीय.”

आणि त्या वर्षी खरंच राजधानीच्या दवाखान्यात जागा निघाली. धाकटीला बदली मिळत होती. हो की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. ताईंनी आनंदानं आतली खोली रिकामी केली. नवऱ्याचं टेबल तिथे होतं, तेही देऊन टाकलं. बिऱ्हाड मिळेपर्यंत तिघं आपल्याकडेच राहतील, घरात कोणीतरी भांडेल, नळ उघडा टाकेल, ‘मावशी’ म्हणून हाक मारेल, एवढ्याच आशेवर ताई त्या आठवड्यात कामाला जात होत्या.

बुधवारी दुपारी तज्ज्ञांच्या प्रमुखानं पडद्यावर किनारपट्टीचा नकाशा लावला.

“जुनं बंदर उत्तरेच्या शेजाऱ्याच्या जहाजांवर जगतं,” तो म्हणाला, आणि ताई त्याच्या मागोमाग म्हणाल्या. “यापुढची पन्नास वर्षं तुम्हाला दक्षिणेच्या शेजाऱ्याबरोबर काढायची आहेत. तेव्हा नवं बंदर दक्षिणेला, दोघांच्या भागीदारीत. जुन्या बंदरावर यापुढे खर्च करू नये, अशी माझी शिफारस आहे. ते बंद करायचं नाही. बंद केलं की ओरड होते. त्याला आपोआप मिटू द्यायचं. आधी रेल्वेगाड्या कमी करायच्या, मग दवाखाना, मग शाळा.”

माझी शिफारस आहे, म्हणाल्या ताई. दवाखाना. मग शाळा. आवाज तसूभर हलला नाही. शेजारच्या खुर्चीत त्यांचे जोडीदार होते, खडीसाखर चघळणारे म्हातारे दुभाषी. त्यांना ताईंची बहीण कुठे असते हे ठाऊक होतं. त्यांनी माईककडे हात नेला, ‘मी घेऊ का?’ असं डोळ्यांनी विचारलं. ताईंनी मानेनंच नको म्हटलं. पाळी आपली, वाक्यही आपलंच.

शेवटी मंत्र्यांनी बजावलं, की हे या दालनाबाहेर जाता कामा नये. नाहीतर उद्याच त्या गावातली घरं मातीमोल होतील आणि उत्तरेचा शेजारी भडकेल तो वेगळाच. ताईंनी ही तंबीसुद्धा पाहुण्यांच्या भाषेत करून सांगितली. म्हणजे आपल्याच तोंडानं आपल्याच तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. ताई नुकत्याच घरी येऊन पायातलं काढत होत्या.

“ताई, उद्या कळवायचंय गं. काय करू? यांचं मन होत नाहीये. म्हणतात, इथे काय वाईट आहे? बंदर काही पळून जात नाही. पण मी म्हटलं, ताई सांगेल ते.”

आता बघा, काय बोलायचं होतं या बाईनं? जे वर्षानुवर्षं बोलत होत्या तेच! ‘ये गं’, एवढंच. त्यात ना गुपित फुटत होतं ना शपथ मोडत होती. मागच्या रविवारीही म्हणाल्या होत्या, आजही म्हणायचं. कोण विचारायला येणार होतं? पण नाही. खरेपणाचं असं व्यसन लागलं की माणसाला साधं बोलणंही चोरी वाटायला लागतं. ताईंना वाटलं, आता मी ‘ये’ म्हणाले तर ते माझं ‘ये’ नाही. ते कपाटात ऐकलेलं ‘ये’ आहे. गावातल्या बाकीच्या बहिणींना कोण सांगणार आहे? मग हिलाच कशी सांगू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

“तुझं तू ठरव,” ताई म्हणाल्या.



“म्हणजे?”

“म्हणजे... तुमचा संसार आहे. मी कोण सांगणार?”

“तू कोण? ताई, गेली इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि आज विचारतेस, मी कोण?”

“मला यात पाडू नकोस.”

“बरं वाटत नाहीये का तुला?”

“दमलेय गं. फार दमलेय.”

खरं तेच होतं ते. पण धाकटीनं ते तिच्या परीनं ऐकलं. आपण तिघं जाऊन या दमलेल्या बाईच्या दोन खोल्यांत बसणार, हे तिला एकदम दिसलं असणार. आवाज बदलला तिचा.

“ताई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? लांबून माया करणं सोपं असतं. खरंच यायची वेळ आली तेव्हा जड व्हायला लागलो आम्ही. तसं सांग ना सरळ. मला राग नाही येणार.”

“तसं नाही गं. शपथ...” ताई म्हणाल्या आणि त्या शब्दापाशीच थांबल्या.

“असू दे. झोप तू,” धाकटी म्हणाली. रडत होती की काय, कळलं नाही. फोन ठेवला तिनं. ताईंनी पुन्हा लावला, पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. मग रिकाम्या केलेल्या खोलीत जाऊन ताई नुसत्या उभ्या राहिल्या. आपण मूर्खपणा केला, हे त्यांना कळत होतं. तो निस्तरायचा कसा, ते मात्र कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी, दालनात शिरतानाच, धाकटीचा निरोप आला. नकार कळवला, जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली, तू काळजी करू नकोस, आम्ही इथे सुखात आहोत, तब्येतीला जप. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेलं माणूस परत भांडायला तरी येतं. ताईंनी फोन बंद केला, कपाटात शिरल्या, कानांवर हेडफोन चढवले.

बैठकीचा शेवटचा दिवस होता. सगळे कंटाळलेले. आराखडा जवळजवळ ठरला होता. तेवढ्यात मंत्र्यांना आठवण झाली.

“त्या जुन्या गावातल्या माणसांचं काय?” त्यांनी विचारलं. ताईंनी ते पाहुण्यांच्या भाषेत विचारलं.

उंच तज्ज्ञानं चष्मा काढून डोळे चोळले. या प्रश्नाचं उत्तर त्यानं बऱ्याच देशांत दिलं असावं. तो हळूहळू बोलू लागला, आणि ताईही त्याच्या मागोमाग, त्याच संथ आवाजात बोलू लागल्या.

“तरुण आपणहून जातील. त्यांची मला काळजी नाही. बाकीची माणसं नोकरीसाठी हलत नाहीत, घरासाठीही हलत नाहीत. मी हे सगळीकडे पाहिलं आहे. दुसऱ्या गावातलं त्यांचं कोणीतरी माणूस त्यांना ‘ये’ म्हणतं, तेव्हाच ती हलतात. ज्यांना असं कोणी बोलावत नाही, ती मागे राहतात. गाव मिटेपर्यंत राहतात.”

म्हाताऱ्या जोडीदारानं खडीसाखर चघळायची थांबवली. ताईंनी माईक सोडला नाही.

“पण त्यांची संख्या फार नसते,” ताई म्हणाल्या, कारण पाहुणा तसं म्हणाला होता. मंत्र्यांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं.