दत्तारामची बाजरीची बिअर

सौदी अरेबियातल्या जिझानजवळच्या कामगार कॅम्पात दत्ताराम गुरव नावाचा एक पाइप फिटर राहत असे. गुहागरकडचा, बावन्न वर्षांचा. कुकरची रिंग तुटली तर हा रबराची दुसरी कापून देई, चष्म्याची काडी मोडली तर तारेची बसवून देई. ‘जमणार नाही’ म्हणालं की त्याचे हात शिवशिवायला लागत.

रमजानच्या तोंडावर मेसमध्ये कुणीतरी बिनदारूच्या बिअरचा डबा फोडला आणि तोंड वाकडं केलं. ‘‘खोकल्याचं औषध नुसतं!’’

‘‘बिअर म्हणजे काय रे? दाणा नि पाणी,’’ दत्ताराम म्हणाला. ‘‘मी करून दाखवतो.’’

बोलून बसला, आता मागे कसा हटणार? मेसच्या कोठीत अर्धं पोतं बाजरी पडून होती, कारण भाकरी थापणारं कुणी नव्हतं. सूपसाठी आणलेले थोडे जवही होते. त्याने दोन्ही भिजवून ओल्या गोणपाटात मोड आणले. त्याच्या खोलीतला फकरुद्दीन, दापोलीचा क्रेन ऑपरेटर, उसळीची वाट बघत राहिला. पण मोड गच्चीवर वाळले, चोळून पाखडले गेले, तव्यावर बदामी झाले. मग दत्तारामने भरड काढून ती पाण्याच्या थर्मास-पिंपात गरम पाण्यात झाकून ठेवली. पाणी उकळतं नको नि कोमटही नको, म्हणून साइटवरचं तापमापक लावलं. तासाभराने चाखलं तर पाणी चक्क गोड! बिअरच्या कडवटपणाला लागणारी हॉप्सची परदेशी फुलं कुठून आणणार? मेथीचे दाणे नि लिंबाची साल घालून त्याने ते उकळलं, गाळलं, निववलं.

आता उरलं यीस्ट. पुडी हातात असतानाच फकरुद्दीन आत आला. त्याने पिंप बघितलं, पुडी बघितली आणि सगळं त्याच्या लक्षात आलं.

‘‘दत्ता, हे आंबवणार तू?’’

‘‘एवढंसं रे, फकरूभाई. गंमत म्हणून.’’

फकरुद्दीन ओरडला नाही. त्याने गादीची वळकटी केली, उशी काखेत मारली. ‘‘मी कुणाला सांगणार नाही. पण आज पहिला रोजा आहे माझा. इथे नाही राहायचा मी.’’

अकरा वर्षं दोघं एका खोलीत होते. दत्तारामला डेंग्यू झाला तेव्हा ह्याच माणसाने आठवडाभर त्याला पेज भरवली होती. दारूबंदीच्या देशात पकडलो तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जाईल, ही भीती दत्तारामने आधीच गिळली होती. पण ती रिकामी खाट त्याच्याने बघवेना. पुडी त्याने पाव करणाऱ्या आचाऱ्याला देऊन टाकली, शेजारच्या खोलीत गेला आणि ती वळकटी खांद्यावर घेऊन परत आला. मागोमाग फकरुद्दीनही आला.

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. फकरुद्दीनने खजूर तोंडात टाकला. दत्तारामने बर्फ घालून ते बदामी पाणी पेल्यात ओतलं आणि पुढे केलं. फकरुद्दीन एक घोट घेऊन थांबला, मग पेला रिकामा करूनच खाली ठेवला.

तेवढ्यात कॅम्प बॉस दारात उभा. भाजक्या दाण्याचा वास त्याच्या ऑफिसपर्यंत गेला होता. ‘‘क्या है ये?’’ त्याने पिंपात नाक घातलं.

‘‘बाजरे का पानी,’’ फकरुद्दीन शांतपणे म्हणाला. ‘‘मैंने रोजा इसी से खोला है.’’

बॉसने त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच पेला पुढे केला. दुसराही मागितला.

रमजानभर पिंप रोज भरलं. सुदानी, बिहारी, फिलिपिनो सगळे रांगेत. दत्ताराम अजूनही त्याला बिअरच म्हणे आणि फकरुद्दीन दर वेळी डोळे वटारी.

ईदच्या दिवशी दत्तारामने व्हिडिओ कॉलवर बायकोला, पद्मिनीला, सगळी कृती रंगवून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘अहो, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे... हे सत्त्व झालं! बाळंतिणीला देतात ते!’’

फकरुद्दीन हसता हसता खाटेवर आडवा झाला. दत्तारामने घाईघाईने फोन घेऊन भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, ‘‘बरं, सत्त्वात तू अजून काय काय घालतेस?’’