एकसष्टाव्या पानावरचा बायसन

ऑरिन स्टाडहाइमचे केस मी एकतीस वर्षं कापले, पण त्याची हनुवटी पाहिली ती एकदाच. तेवढंच पुरलं.

आमच्या स्टोनबोट गावात तो जनावरांच्या डागांचा सरकारी तपासनीस होता. गाय विकायला आली की तिच्या कुल्ल्यावर तापल्या लोखंडानं उमटवलेला मालकाचा डाग बघायचा आणि ती कुणाची ते सांगायचं, एवढंच काम. ते त्यानं चाळीस वर्षं केलं. नोकरी संपली तरी नजर काही संपली नाही. चर्चमध्ये नवीन माणूस आला तरी ऑरिन त्याला मागूनच ओळखायला बघायचा. दाढी छातीपर्यंत, भुवया अशा की चिमणीनं संसार थाटावा, आणि खालचा ओठ कायम पुढं. जगानं आपला अर्ज फेटाळलाय, असा चेहरा.

बायको गेल्यावर त्याला दोनच ठिकाणं उरली. एक माझी खुर्ची आणि दुसरं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, वाचनालय.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुर्मिळ पुस्तकांचं कपाट आहे. त्यातलं खरं दुर्मिळ पुस्तक एकच. बाकीची कुणी नेत नाही म्हणून तिथं ठेवलेली. या एका पुस्तकात मिसूरी नदीच्या वरच्या अंगाची बहात्तर चित्रं आहेत. दीडशे वर्षांपूर्वी कुणी स्विस चित्रकार होडीतून इथवर आला, डास चावून घेत त्यानं ती काढली, मग तिकडं युरोपात ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली आणि बायकांनी बसून एकेक हातानं रंगवली. त्या बायकांनी जन्मात बायसन, म्हणजे आमच्याकडचा दाढीवाला रानगवा, पाहिला नव्हता. त्यामुळं आमच्या पुस्तकातले काही बायसन जांभळे आहेत.

हे पुस्तक रँचवाल्या हेटी क्रॉमीनं मरताना वाचनालयाला दिलं आणि मृत्युपत्रात अट घातली: पुस्तक काचेच्या पेटीत राहील. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला पेटी उघडून एक पान उलटायचं. मागं जायचं नाही, पुढं उडी मारायची नाही, शेवटचं झालं की पुन्हा पहिल्यापासून. अट मोडली तर पुस्तक ओहायोतल्या पुतण्याला. कारण लिहिलं होतं, उजेडानं रंग उडतात. आमच्या मते खरं कारण वेगळं होतं. हेटी जिवंत होती तेव्हा तिच्याकडं कॉफीला कुणी फिरकत नसे. मेल्यावर तिनं वर्षातून बारा वेळा गाव गोळा करायची सोय करून ठेवली.

आणि गाव गोळा व्हायचं. कारण त्या दिवशी वाचनालयात घेवड्याची तिखट चिली असायची आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये पहिलं पान उघडलं, तेव्हापासून ही रीत पडली. पान उलटायचा मान आर्डिस ब्रेकेचा. वाचनालय तीच सांभाळते. हात कोपरापर्यंत साबणानं धुऊन, पुसून, वर धरून ती अशी बाहेर यायची की आता कुणाचं तरी अपेंडिक्स निघणार.

एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये चौतिसावं पान आलं. त्यावर एक घोडेस्वार होता.

ऑरिन काचेवर वाकला. "ह्ये घोडं हाय का?"

"घोडाच आहे, ऑरिन," आर्डिस म्हणाली.

"मागचा पाय बघ. गुडघा उलटा बशिवलाय. ह्ये घोडं फक्त मागंच जायचं."

"ही कला आहे."

"असंल. पर चालायची न्हाय."

पहिल्या पानापासून तेहतीस महिने तिनं हेच ऐकलं होतं. हरणाला कान जास्त, हंसाला मान उधारीची, नदी चढावर वाहतेय. त्या दिवशी तिचा बांध फुटला.

"याच पुस्तकात एक बायसन आहे, ऑरिन. थेट तुझं तोंड! तीच दाढी, तोच ओठ, तीच कुरकुर!"

सगळ्यांचे चमचे चिलीत थांबले.

"कितवं पान?" ऑरिननं विचारलं.

"एकसष्ट."

"दाव."

"येईल तेव्हा येईल."

ऑरिननं बोटं मोजली. बोटं संपली तेव्हा शेजारच्याची घेतली. "सत्तावीस म्हैने? आगं, मी अठ्ठ्याऐंशीचा हाय! डॉक्टर मला पुढली तारीख पेन्सिलीनं लिहून देतोय!"

"मग जरा जपून राहा," आर्डिस म्हणाली आणि पेटीला कुलूप घातलं.

ऑरिन काउंटीच्या तिन्ही कमिशनरांकडं जाऊन आला. त्यांनाही तो बायसन बघायचा होता, पण वकिलानं ओहायोच्या पुतण्याची आठवण करून दिली आणि विषय मिटला. मग ऑरिननं दुसरी वाट धरली. त्यानं जगायचं ठरवलं.

सकाळचं बेकन बंद. व्हिस्की बंद. लांब टूसॉनला राहणारी त्याची मुलगी, डोरीन, त्याला कायमचं न्यायला आली, तर यानं तिलाच दारातून परत पाठवलं. "एकसष्ट झाल्याबिगर मी कुठं बी येणार न्हाय." हिमवादळात बर्फ काढायच्या गाडीत बसून तो पान चव्वेचाळीसला हजर झाला. हृदयाला यंत्र बसवायची पाळी आली, तेव्हा टेबलावर आडवा पडून त्यानं सर्जनला विचारलं, "त्र्याऐंशीच्या जूनपर्यंत चालंल का ह्ये? म्होरचं म्होरं बघू."

बिलिंग्ज शहरातल्या इस्पितळातून तो घरी आला, त्याच आठवड्यात आर्डिस माझ्या दुकानात शिरली. दाराची पाटी 'बंद' अशी फिरवून खुर्चीत बसली. मी कात्री उचलली.

"केस नाही कापायचे. वेंडेल, मी थाप मारली."

"कसली?"

"बायसनची. एकसष्टवर काय आहे ते मला माहीत नाही. पुस्तक आलं तेव्हा एकदा सगळं चाळलं होतं, पण तेव्हा मी वाळवी शोधत होते, चित्रं कुठं बघितली! रागात तोंडाला आला तो आकडा सांगितला. तिथं बदकं असली तर?"

"मग उघडून बघ ना. किल्ली तुझ्याकडंच आहे."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी चर्चमधल्या पवित्र पाण्यात पाय धुवायला सांगितले. "आज महिन्याचा पहिला सोमवार आहे का?"

"नाही."

"मग? तो माणूस बदकांसाठी छाती कापून घेऊन बसलाय, वेंडेल. त्याला कळलं तर तो तिथंच आडवा होईल."

मी तिची मान जरा साफ करून दिली. तेवढंच माझ्या हातात होतं.

असं करत त्र्याऐंशीचा जून आला. सोमवारच्या आधीच्या शनिवारी ऑरिन दुकानात आला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "काढ."

"टोकं?"

"सगळी दाढी. भुवया बी छाट."

"शुद्धीत आहेस का?"

"सोमवारी गाव येकदा पुस्तकाकडं बघंल, येकदा माझ्याकडं. दाढीच न्हाय, तर ताडून काय बघतील? हसतील कशाला?"

खरं सांगायचं तर मला आर्डिसची काळजी होती. दाढीच नसली तर बदकं निघाली तरी फारसं बिघडणार नाही, असं वाटलं. चालवला वस्तरा. आतून जे निघालं ते बघून मीच दचकलो. चाळीस वर्षं ऊन न पाहिलेली हनुवटी, पांढरी, गोल, मधे खळी. लहान बाळाची टाच असते ना, तशी. त्या टाचेच्या वर ऑरिनचे दोन डोळे.

"कसं दिसतंय?"

"थंडी वाजेल," मी म्हणालो.

सोमवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. डोरीन टूसॉनहून आली होती, बापाला ओळखायला तिला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. आर्डिस धुतलेले हात वर धरून आली. तिनं पान उलटलं.

मोठी नदी. पलीकडच्या काठाला बायसनांचा कळप, पण इतका लांब, की कुणी मिरी सांडलीत असं वाटावं. एकाचंही तोंड दिसत नव्हतं. आर्डिसचा चेहरा कागदासारखा झाला.

"म्हणजे, ऑरिन, त्याचं असं आहे, की तेव्हा मी..."

"थांब." ऑरिन वाकला. नाक काचेला टेकलं. चाळीस वर्षं गुरं बघितलेली नजर चित्राच्या कडेकडेनं सरकत गेली आणि डावीकडं खाली थांबली. "हा बघ."

अलीकडच्या काठावर, झुडपाआड, एकटा म्हातारा बायसन उभा होता. सगळा कळप नदी उतरून गेलेला, हा जागचा हलला नव्हता. दाढी गुडघ्यापर्यंत, भुवया डोळ्यांवर, खालचा ओठ पुढं. रंग किंचित जांभळा. आणि बघत होता तो थेट चित्रकाराकडं. खूर चुकलाय, असं आता सांगणार, अशा बेतात.

ऑरिन सरळ झाला. दोन वर्षं तो अपमानाची तयारी करत होता, पण तोंडावर आली ती वेगळीच कळा. बायको असताना नाताळात यायची तशी.

"मीच हाय ह्यो!" तो ओरडला. "आगं आर्डिस, मीच!"

गावानं बायसनकडं पाहिलं. मग ऑरिनकडं पाहिलं. एक टाच सगळ्यांकडं आशेनं बघत होती.

"छे, छे," लोक म्हणाले. "तू कुठं, ते जनावर कुठं!"

"बाबा, वाईट वाटून घेऊ नका," डोरीन म्हणाली. "अजिबात तसे दिसत नाही तुम्ही."

"वाईट कुणाला वाटतंय? नीट बघा की, भाड्यांनो! वेंडेल, तू सांग!"

"तोच आहे," मी म्हणालो. पण पुरावा ज्यानं भादरला, त्याचीच साक्ष कोण धरणार?

"केस कुठायत माझे?"

"शनिवारीच टाकले, ऑरिन."

त्या महिन्यात तो रोज दुकानात आला आणि मी रोज फुटपट्टी लावली. घोड्याची आयाळ वाढवायचं मलम त्यानं हनुवटीला चोळलं. वास असा यायचा की दुसरी गिऱ्हाइकं दारातूनच परत जायची. "आर्डिस, आणखी येक म्हैना ठेव की त्ये पान," त्यानं तिला विनवलं. तिचे डोळे भरून आले, पण मान नाहीच हलली.

जुलैचा पहिला सोमवार चार तारखेला, नेमका स्वातंत्र्यदिनी आला. त्या दिवशी कचेऱ्या बंद, गावात मिरवणूक, दुपारी रोडिओत उधळत्या घोड्याबैलांवर बसायच्या शर्यती. पण मृत्युपत्राला सुट्टी नसते. आर्डिसनं वाचनालय उघडलं आणि निम्मी मिरवणूक बँडसकट आत आली. ऑरिन पेटीशेजारी ओठ काढून उभा राहिला. दाढी कापणीनंतरच्या गव्हाच्या शेतासारखी.

"आता बघा!"

लोकांनी वेळ घेऊन पाहिलं. शेवटी ट्युबा वाजवणारा म्हणाला, "जरा जरा... त्याचं वासरू असतं ना, तसा."

ऑरिनला ते मानवलं. दहा वाजले. आर्डिसनं पान उलटलं आणि तो बायसन गेला.

"पुन्यांदा कधी यील?" ऑरिननं हळूच विचारलं.

"एकाहत्तर महिन्यांनी. जून एकोणनव्वद."

"लिहून दे."

तिनं कार्ड काढलं, पेन्सिल घेतली.

"आगं, पेन घे," ऑरिन म्हणाला. मग डोरीनकडं वळला. "तू हो म्होरं. मला दाढी वाढवायचीय." आणि बासष्टाव्या पानावर वाकून त्यानं काचेवर बोट आपटलं. "ह्ये काय हाय? कुत्रं? ह्या कुत्र्याला दोन्ही डोळं येकाच अंगाला दिल्यात!"