हात झाकला, चेहरा राहिला

आमच्या ह्यांना पार्किन्सन झालाय, हे मुलीचं लग्न ठरेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, असा फतवा नणंदबाईंनी पारोळ्याहून फोनवर काढला. "घरमा आजार शे म्हंतीन नि सोयरीक मोडी जाई," म्हणाल्या. धुळ्याचं स्थळ, माणसं चांगली, म्हणून मीही मान डोलावली. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

पाहुणे येणार त्या दिवशी सकाळपासून माझी नुसती तारांबळ. गोळीचा असर पाहुणे बसलेत तोवर टिकावा म्हणून तिची वेळ जुळवली. शर्टाची बटणं मीच लावली, कारण ह्यांच्या हातून ती लागेपर्यंत पाहुणे चहा पिऊन निघाले असते. थरथरत्या हातावर शाल टाकली. जळगावच्या उन्हाळ्यात शाल. कोणी विचारलंच तर थंडीताप म्हणायचं. खुर्चीतून उठताना त्यांना धरावं लागतं, तेव्हा उठायचंच नाही, असंही बजावलं. खरं सांगते, या आजारानं दमवलं नाही तेवढं मला त्याच्या लपवालपवीनं दमवलं.

हात झाकला, पण चेहऱ्याचं काय करणार? या आजारात चेहरा आखडतो. माणूस मनातून हसला तरी तोंडावर काही उमटत नाही. पाहुण्यांना दिसलं ते एवढंच, की मुलीचा बाप उठला नाही, हसला नाही, धड बोललाही नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन. "ताई, मुलीच्या वडिलांना आमचा मुलगा पसंत नसेल तर सरळ सांगायचं. घरी बोलावून अपमान कशाला?"

माझा पारा चढला. त्या बाईंवर नाही. नणंदेवर, त्या शालीवर आणि स्वतःवर. गोळ्या, बटणं, सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अहो, आजारच ना? माझ्या सासऱ्यांचं अंथरुणात सगळं मीच केलंय. बरं, मग तुमच्या ह्यांना मुलगा आवडला का?"

मी ह्यांच्याकडे वळले. तेच कोरं तोंड. ह्यांचं मत विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. आता विचारलं. आवाज इतका बारीक झालाय की कान ओठांपाशी न्यावा लागला.

"पोरले इचारं का कोनी?"

मुलीला तर कोणीच विचारलं नव्हतं. ती तिथेच कणीक मळत होती. तिचे हात थांबले.