रांगोळीतले तीन आरे

पोरीचं तोंड पांढरं झालतं. ओठ पांढरे, हनुवटी पांढरी, उजव्या हाताची बोटं पांढरी, आणि ती माझ्याकडं बघून हसत होती. खालचे दोनच दात आलते तिला, ते पण माखलेले. मी नुसता चहा गाळायला आत वळलते. तेवढ्यात ही दहा महिन्यांची, रांगत उंबरा ओलांडून गेली आणि सकाळी मी काढलेल्या रांगोळीत जाऊन बसली. जयंतीचा दिवस होता. दारात मी धम्मचक्र काढलतं, चोवीस आऱ्यांचं, पांढरंशुभ्र. त्यातले तीन आरे न्हवते. घाबरलेलं माणूस काय करंल सांगता येत न्हाय, पोरीला उचलायच्या आधी मी आरे मोजले. एकवीस. परत मोजले. एकवीसच.

कारण ती रांगोळी दुकानातली न्हवती. ट्यूबमधली होती.

हे नीट सांगाय पायजे, न्हायतर कुणाला कळायचं न्हाय. आम्ही कसबा बावड्यात एका खोलीत राहतो. मालक, म्हणजे माझा नवरा, तीनचाकी टेंपो चालवतो आणि कारखान्यांतनं, दुकानांतनं गेलेल्या ट्यूबा गोळा करून आणतो. गेलेल्या म्हणजे उडालेल्या, परत न पेटणाऱ्या. त्या फोडायचं काम माझं. घरामागं पोत्यात घालायच्या, वरनं धुण्याच्या धोपाटण्यानं हाणायच्या, मग टोकाच्या पत्र्याच्या टोप्या एकीकडं आणि काच एकीकडं, दोन्ही भंगारात जायचं. काच चाळणीत घोळवली की खाली ट्यूबच्या आतली पांढरी भुकटी पडायची, मैद्यासारखी. आधी मी ती झाडून टाकायची. मग एकदा मनात आलं, एवढी बारीक हाय, चिमटीतनं रेघ कशी पडंल बघूया. केसासारखी पडली. दुकानातली रांगोळी तिच्यापुढं वाळू वाटायची. गल्लीतल्या बाया विचारायच्या, कुठनं आणलीस गं, मी नुसती हसायची. पत्र्याचा डबा भरून ठेवलता मी जयंतीसाठी.

पोरीला उचललं, पदरानं तोंड पुसलं, बोट घालून जीभ पुसली, तशी ती रडाय लागली. सासूबाई आतनं आल्या. आम्ही त्यास्नी आत्याबाई म्हणतो. त्यांनी बघितलं आणि मिठाचं पाणी कालवाय घेतलं, म्हणाल्या पाजू, ओकून जाईल सगळं. मी वाटी हातातनं ओढून घेतली. आत्याबाईंच्या हातातनं आजपतोर मी काय ओढून घेतलेलं न्हवतं. पण चाळणीतनं कधीमधी काचंची बारीक कुसं खाली येतात, माझ्या बोटात कितीदा घुसल्यात. ती गिळताना गेली ती गेली, वर येताना गळा चिरत आली म्हणजे? काचंची भीती मला ठाऊक होती. दुसऱ्या गोष्टीची न्हवती.

मालक चौकात मंडप बांधाय गेलते. मी अनवाणी पळाले, पोर खांद्यावर. नुसतं म्हटलं, "हिनं ट्यूबची भुकटी खाल्ली." त्यांनी हातातली दोरी तशीच सोडली. टेंपोत बसलो. मागं आदल्या दिवशी आणलेल्या ट्यूबा होत्या, उतरवल्या न्हवत्या. प्रत्येक खड्ड्याला त्या मागं खुळखुळायच्या आणि मला ते ऐकवत न्हवतं. पोरगी रडून रडून गप झालती. गप का झाली म्हणून मी तिला चिमटा काढला, परत रडली, मग मला श्वास आला.

मालक एवढंच बोलले. "रांगोळी म्हणून सांग."

मी म्हटलं, का?

"कागदावर सही तुझी हाय."

ते खरं होतं. आम्ही ज्या मोठ्या कंपनीतनं ट्यूबा आणायचो तिथनं त्याच्या आदल्या दिवाळीत एक कागद आलता. मालकांना वाचता येत न्हाय. मी सातवी पास, म्हणून घरातलं सगळं लिहिणं-वाचणं माझ्याकडं. कागदावर टाइप केलतं की कंपनीकडनं मिळालेल्या पारायुक्त ट्यूबांची आम्ही योग्य ती विल्हेवाट लावली आहे, खाली सही. विल्हेवाट हा शब्द मी फक्त पेपरात वाचलता, खुनाच्या बातमीत, मुडद्याची विल्हेवाट लावली म्हणून. मी सही करंना. मालक हसले, "आगं, ट्यूबा मेलेल्याच हायत की." आणि पारायुक्तवर माझी गाडी अडली, पण विचारायचं कुणाला. मग मीच अर्थ लावला. माणूस तापलं की आपण म्हणतो पारा चढला. ट्यूब पण पेटली की तापती. म्हंजे पारायुक्त म्हंजे तापणाऱ्या. असला अर्थ लावला आणि सही केली, नावाखाली दोन रेघा पण मारल्या, शाळंत मारायची तशा. त्यानंतर दर खेपंला तसाच कागद यायचा आणि मी न वाचताच सही करायची.

सरकारी दवाखान्यात सुट्टीमुळं गर्दी कमी होती. डॉक्टरीणबाई तरणी होती, माझ्याएवढीच असंल. तिनं पोरीच्या तोंडात बॅटरी मारली, जीभ दाबली. मग खाली बघत विचारलं, "पोटात किती गेलीय?"

मला त्यातलं नुसतं गेलीय ऐकू आलं. आमच्या घरात दिवसभर तोच शब्द, ही गेली, ती गेली, आज एवढ्या गेलेल्या आणल्या. मी भिंतीला टेकले. ती म्हणाली, अहो ताई, रांगोळी म्हणतेय मी, रांगोळी किती गेली पोटात.

म्हंजे मालकांनी केसपेपर काढताना सांगूनच टाकलतं, रांगोळी म्हणून.

मी म्हटलं, तीन आरे. तिला कळंना. मी बोटानं टेबलावर काढून दाखवलं, एवढा एक आरा, तसले तीन. ती हसली. म्हणाली की रांगोळी दगडाची पूड असते, एवढ्याशानं काही होत नाही, काल पण एक लेकरू आलं होतं. ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसून घ्या, दूध पाजा, घरी घेऊन जा, खोकला लागला तर परत या.

घरी घेऊन जा. ते ऐकून मी रडलेच. सुटले असं वाटलं, खोटं सांगून का असंना. फाटकापतोर आलो. मालक टेंपो वळवाय गेले. पोरगी माझी बांगडी चावत होती, त्याच दोन दातांनी. टेंपो वळला आणि मागनं परत त्या ट्यूबा खुळखुळल्या, आणि मला कळलं की डॉक्टरीणबाईनं जे सांगितलं ते दगडाच्या पुडीचं सांगितलं. ही रात्री तापली तर मी तिला दगडाची पूड खाल्लेल्या लेकराचंच औषध देणार. माझ्या पोरीचं ती बोललीच न्हवती.

"बस की," मालक म्हणाले.

मी म्हटलं मी परत जाती आत.

"पोलीस येतील घरला. मग हिला कोण बघणार? आई?"

मी नुसती आत चालाय लागले, आणि मागनं येतात का बघितलं पण न्हाय.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटला बघत होती. मी मधीच म्हटलं, बाई, ती रांगोळी न्हवती, ट्यूबलाइटमधली भुकटी होती. तिनं हातातलं ठेवलं. विचारलं, फुटलेली ट्यूब चघळली का. मी म्हटलं न्हाय, मी साठवती ती, चाळून. ती एकदम चिडली, आधी का नाही सांगितलं, आणि चिडता चिडताच पोरीला माझ्या हातातनं घेतलं.

"त्यात पारा असतो, ताई."

मी म्हटलं, पारा म्हंजे ताप मोजायचा?

"तोच. विष असतं ते."

तिथं मला तो शब्द कळला. पारायुक्त. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, आणि मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्यावत्या.

फोटो काढला पोटाचा. लघवी तपासाय पाठवली, ती बाहेरगावी जाणार म्हणाले. तीन दिवस ठेवून घेतलं. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायची, खालीवर होतंय का बघत. दुपट्यातली घाण मी बोटानं चाचपून बघायची, काच हाय का. दुसऱ्या दिवशी एक कुस निघालं, तांदळाच्या कणीएवढं. ते मी कागदात बांधून डॉक्टरीणबाईला दाखवलं. रिपोर्ट आला त्यात फार काय निघालं न्हाय. पण ती म्हणाली, एकदाच खाल्लेल्यापेक्षा मला तुमची काळजी वाटते, तुम्ही किती वर्षं फोडताय हे, आणि बाळ कुठं असतं तेव्हा. मी खरं सांगितलं. पाठीला बांधलेलं असतं.

त्या दिवसापासनं मी एक ट्यूब फोडलेली न्हाय. मालकांनी टेंपोत भाजीची भाडी मारायला सुरवात केली. पोलीस काय आले न्हाईत.

पण डबा राहिला. तो भरलेला डबा, अजून निम्म्याच्या वर. मी डॉक्टरीणबाईला विचारलतं, टाकू कुठं. ती म्हणाली कचऱ्याच्या कोंडाळ्यात नको, गटारीत नको, पुरू नको, जाळू तर अजिबात नको. जिथनं ट्यूबा आल्या त्यांनाच परत द्या. मालक डबा घेऊन कंपनीत गेले. तिथल्या साहेबानं फाइल काढली, माझी सही दाखवली. म्हणाला, पावणं, ह्या सगळ्याची विल्हेवाट तुम्हीच लावलीय की, बघा, लेखी हाय. आमच्याकडं आता हा माल शिल्लकच न्हाय, परत कसला घेऊ?

मालक डबा घेऊन परत आले.

मी झाकणावर मेण ओतलं, वर प्लॅस्टिक बांधलं, माळ्यावर ठेवला. पोरगी आता बालवाडीत जाती. तिला अजूनपतोर काय झालेलं दिसत न्हाय, पण डॉक्टरीणबाईनं सांगितलतं तसा तिचा हात कधी थरथरला, कधी तिला एखादा शब्द आठवंना, तर माझं काळीज हलतं. आणि आता ती चढती. डब्यांवर पाटी, पाटीवर उशी, असं करून परवा तिनं माळ्याला हात लावला. मला विचारलं, आई, त्यात काय हाय?

गल्लीत कोंडाळ्यावर शेरडं असतात, कागद वेचणाऱ्या बाया असतात, त्यांची पण लेकरं पाठीला असतात. नदी खालच्या गावांस्नी जाती. घरात ठेवावा तर ही. तुमच्या माळ्यावर असता हा डबा, तर तुम्ही काय केलं असतं?