बोरंवालीचं गोंदण

राहुरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे, पासपोर्ट साइज, आणि अलीकडं प्री-वेडिंग नावाचा नवा ताप, हे सगळं करता करता माझे केस पांढरे झाले. पण मी काढलेला फोटो भिंतीवर टांगतील आणि त्याच्यापुढं कुणी फीत कापेल, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

नगरला हौशी फोटोग्राफरांचा एक क्लब आहे. हौशी म्हणजे ज्यांचं पोट फोटोवर नाही असे. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले साहेब. क्लबच्या अध्यक्षा म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. माझी दाढ त्यांनी काढली आणि त्या धांदलीत मला सभासदही करून घेतलं. तोंडात कापूस असल्यामुळं मला नाही म्हणता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगायचं तर मला मनातून फार आवडलं होतं.

दर हिवाळ्यात हा क्लब एक महोत्सव भरवतो. सभासद आपापले फोटो मांडतात, ते विकतात, आणि आलेला पैसा चांगल्या कामाला जातो. गेल्या वेळी तो एका वसतिगृहाला द्यायचा होता. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहणारी पोरं तिथं असतात. थंडीच्या दिवसांत त्यांना गाद्या हव्या होत्या.

मी म्हटलं, आपणही एक फोटो देऊ. पण ह्या लोकांचं सगळंच उलटं! मी उभा जन्म 'इकडं बघा, जरा हसा, पाय फ्रेममध्ये येऊ द्या' असं ओरडत आलो. आणि हे म्हणतात, माणसानं कॅमेऱ्याकडं बघायचंच नाही. बघितलं की फोटो गेला. लग्नात नवरदेवाला असं सांगितलं तर त्याचा बाप मला मांडवाबाहेर काढेल! पण म्हटलं, आता शिकायला बसलोय तर मुकाट्यानं ऐकावं.

माझ्या स्टुडिओसमोर हिवाळ्यात एक म्हातारी बोरं विकायला बसते. मी तिला मावशी म्हणतो, ती मला फोटोवाला म्हणते. एका सकाळी मी पायरीवर चहा पीत होतो. ती टोपलीतलं एक बोर अंगठ्यानं दाबून बघत होती, तोंडावर कोवळं ऊन होतं, आणि माझ्याकडं तिचं अजिबात लक्ष नव्हतं. चहा तसाच ठेवून मी कॅमेरा उचलला. एकच फोटो काढला, आणि तो असा आला की माझा मलाच हेवा वाटला.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर घेतला आणि टचिंगला बसलो.

टचिंग म्हणजे आमच्या धंद्याचा प्राण. तीळ काढायचा, मुरूम काढायचा, रंग उजळायचा. आता हे माऊसवर होतं. माझ्या उमेदवारीच्या काळात ते निगेटिव्हवर व्हायचं, शिसपेन्सिलीनं. निगेटिव्हवर काळं केलं की फोटोत गोरं होतं. माझे वस्ताद भिंगाखाली निगेटिव्ह धरून पेन्सिलीचं टोक असं नाचवायचे की देवीचे व्रण गेलेले त्या माणसालासुद्धा कळायचे नाहीत. त्यांच्याकडून शिकल्यावर मी मन लावून केलेलं पहिलं काम म्हणजे माझ्या आईचा फोटो. तो अजून काउंटरच्या वर लावलेला आहे, चंदनाचा हार घालून. गिऱ्हाईक म्हणतं, 'काय देखण्या होत्या हो आई!' आणि मी दरवेळी नव्यानं खूष होतो.

तर मावशीच्या फोटोला मी हात घातला. क्लबातल्या प्राध्यापकांनी निक्षून सांगितलं होतं की सुरकुत्या काढू नका, सुरकुत्या म्हणजेच फोटो. ठीक आहे. एकही सुरकुती हलवली नाही. पण कपाळावरची तुळस आणि हनुवटीवरचे तीन ठिपके, म्हणजे तिचं गोंदण, ते मी साफ पुसलं. विचार करून नव्हे. आपोआप. लग्नाच्या आल्बमच्या वेळी पोरी येऊन कानात सांगतात, 'काका, आईच्या तोंडावरचं ते हिरवं तेवढं काढून टाका हां.' इतक्या आयांचं काढलंय की हाताला आता विचारावं लागत नाही. सुरकुत्यांचं सांगणारे होते, गोंदणाचं कुणी काही बोललंच नव्हतं!

महोत्सवात माझा फोटो दाराजवळच लागला. पहिल्याच दिवशी त्याच्याखाली 'विकला गेला' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मी ती तीनदा जाऊन वाचली. घेणाऱ्या होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. क्लबचा रिवाज असा, की विकलेला फोटो शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवर राहतो, आणि मग ज्यानं काढला त्यानंच तो घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. मी त्या दिवसासाठी नवा शर्ट शिवून घेतला. बायको म्हणाली, "नवरदेवच की! वरात कधी निघायची?"

पण तिनंच आणखी एक गोष्ट केली. शेवटच्या दिवशी ती मावशीला घेऊन एसटीनं नगरला आली. मला कळवलंसुद्धा नाही. दुपारी बघतो तर दारात दोघी उभ्या. मावशीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, डोक्यावरून पदर, आणि हातात बोरांची पिशवी, डॉक्टरीणबाईंसाठी.

मी मोठ्या ऐटीत तिला फोटोसमोर नेलं. आजूबाजूचे लोकही जमा झाले. मावशीनं मान वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या बायकोला विचारलं,

"ही कोन गं?"

मी म्हटलं, "मावशी, असं काय करता? तुम्हीच की!"

"टोपली माझी हाय," ती म्हणाली. "बोरं बी माझीच. बाई माझी न्हाई."

लोक हसले. मीही हसलो. ती मात्र हसली नाही. तिनं आपली हनुवटी चाचपली, मग कपाळ चाचपलं, आणि माझ्याकडं वळली.

"माझं गोंदन कुठं गेलं रं?"

मी म्हटलं, मावशी, ते जरा साफ केलं, फोटोत चांगलं दिसावं म्हणून. अख्ख्या महोत्सवात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्यातल्या कुणीच मावशीला पाहिलेलं नव्हतं.

"आईच्या मांडीव बसून गोंदून घेतलं हुतं म्या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "लई रडले हुते. गोंदनारीन म्हनली, सोडा पोरीला, ऱ्हाऊ द्या. पर आईनं सोडलं न्हाई. म्हनली, पोरी, दागिनं, कापडं समदं हितंच ऱ्हातंय. गोंदन तेवढं संगं येतंय. वर आल्याव मी तुला त्याच्यावरनंच वळखनार." मग फोटोकडं बोट करून म्हणाली, "ह्या बाईला माझी आई कशी वळखंल?"

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "पण हा तर विकला गेलाय. मॅडम आता घ्यायला येतीलच."

मावशीला तेवढंच कळलं. "म्हंजी ही अशीच जानार व्हय दुसऱ्याच्या घरी? माझं नाव सांगून?" ती खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

आता करायचं काय? मूळ फोटो माझ्याकडं होता, पण तो पुण्याहून छापून यायला आठवडा लागतो, आणि मावशीला परतीची एसटी गाठायची होती. मला माझाच असा राग आला की सांगता येत नाही. बायको जवळ आली आणि म्हणाली, "पुसता येतं, तर काढता येत नाही होय?"

फ्रेम करताना फोटोला ओरखडा पडला तर असावी म्हणून माझी टचिंगची जुनी डबी नेहमी बॅगेत असते. त्यात सर्वांत बारीक ब्रश असतो आणि रंगाच्या वड्या. मी फोटो भिंतीवरून उतरवला, टेबलावर घेतला आणि फ्रेमची मागची पट्टी उचकटली. एक सभासद म्हणाले, "अहो, विकलेल्या फोटोला हात लावताय!" मी म्हटलं, "फोटो माझा आहे, आणि तोंड त्यांचं आहे. तुम्ही मध्ये पडू नका." एवढ्या मोठ्या माणसाला मी असं बोलेन असं मलाच वाटलं नव्हतं.

मावशीला समोर बसवलं. म्हटलं, "मावशी, इकडं बघा." आयुष्यभर म्हणत आलेलं वाक्य, पण त्या दिवशी नीट बघायचं होतं ते मला.

हिरव्यात किंचित काळा मिसळला. खरं गोंदण कधी एकसारखं नसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तुळशीचं एक पान दुसऱ्यापेक्षा आखूड होतं. हनुवटीवरचा मधला ठिपका जरा फाकलेला होता. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "तवाच म्या मान हलवली." मीही तो ठिपका फाकलेलाच काढला. लोकांनी टेबलाभोवती कडं केलं होतं.

मान वर केली तर मुख्याध्यापिकाबाई माझ्या मागंच उभ्या होत्या. केव्हा आल्या कोण जाणे. मी म्हटलं, "बाई, माफ करा. नको असेल तर तुमचे पैसे मी माझ्या खिशातून..."

त्यांनी मला हातानंच थांबवलं. त्या मावशीसमोर खाली उकिडव्या बसल्या. साठी उलटलेली बाई, कडक इस्त्रीची साडी, सरळ फरशीवर! म्हणाल्या, "आजी, मी तुम्हाला घरी नेऊ का?"

मावशीनं आधी टेबलावरच्या फोटोत वाकून बघितलं. एकदा हनुवटी, एकदा कपाळ. ती बोट लावायला गेली तशी मी ओरडलो, "ओलं आहे!" तिनं हात मागं घेतला आणि तोंडाला पदर लावून हसली.

"आता मी हाय," ती म्हणाली. मग बाईंना म्हणाली, "ने की. पर भितीला लावशील तवा हार घालू नगं, हां. मी जिती हाय अजून."

सगळा हॉल खदखदून हसला. डॉक्टरीणबाईंनी मला क्लबच्या रिवाजाप्रमाणं फोटो द्यायला पुढं बोलावलं. मी म्हटलं, मी नाही, मावशी देतील. तिनं तो दोन्ही हातांनी दिला, आणि वर मूठभर बोरं बाईंच्या पर्समध्ये घातली. माझ्या नव्या शर्टाच्या बाहीवर हिरवा डाग पडला होता. बायको काही बोलली नाही, त्यावरून मी ओळखलं की ती माझ्यावर खूष आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडला, उदबत्ती लावली आणि नेहमीसारखं आईच्या फोटोकडं बघितलं. हनुवटी स्वच्छ. कपाळ स्वच्छ.

आईलाही गोंदण होतं. ते मीच काढलं होतं, वस्तादांनी पाठ थोपटावी म्हणून. आई त्या वेळी जिवंत होती आणि फोटो बघून म्हणाली होती, "माझा ल्योक लई हुशार हाय." नेमकं कुठं होतं ते गोंदण? मी डोळे मिटून आठवायला बसलो. मला आठवत होता तो भिंतीवरचा फोटोच.

तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आली. माझं तोंड बघून घाबरली. मी सांगितलं तसं म्हणाली, "अहो, पण पेन्सिलीनंच केलं होतं ना?"

मी ताडकन उठलो. जुन्या निगेटिव्ह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, पातळ कागदात गुंडाळलेल्या. आईची सापडली. कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला, पिळला आणि श्वास धरून फिरवला. एवढ्या वर्षांची पेन्सिल होती, पण ती कापसावर आली. मग निगेटिव्ह खिडकीच्या काचेला लावली, मोबाईलनं फोटो काढला आणि काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं.

मोबाईलवर आई आली. कपाळावर चंद्रकोर आणि तिच्याखाली एक ठिपका. हनुवटीवर एकच, उजवीकडं सरकलेला. ते सगळं माझ्या पेन्सिलीखाली तसंच राहिलेलं होतं. मला रडू आवरेना, आणि आवरावंसंही वाटेना.

बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. आई असताना ती तिच्यासमोर कधी उघड्या डोक्यानं वावरली नव्हती. तिनं हातातला डबा काउंटरवर ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.