जाकीट चाखणारा ऑर्विल

आमच्या केल्सी कोव्हला वर्षातले दोनशे दिवस पाऊस पडतो आणि उरलेले दिवस तो येणार असतो. इथला माणूस घर घेताना कुणाला विचारणार नाही, पण पावसाचं जाकीट घ्यायचं असेल तर आधी ऑर्विल प्रूडेनचं दार वाजवतो. मीसुद्धा. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी, कुणाच्या बापाला भ्यायले नाही, पण ऑर्विलनं नाक मुरडलं की जाकीट गुपचूप दुकानात परत.

ऑर्विल सदुसष्ट वर्षांचा. सगळा जन्म विजेच्या खांबांवर चढून तारा जोडण्यात गेला, त्यामुळे भिजण्याचा त्याला मनापासून राग. निवृत्त झाल्यावर लोक मासे धरतात, हा जाकिटं धरून बसला. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. मग हातमोजे घालून चेन वर-खाली. मग हेल्मेटवरून जाकिटाची टोपी ओढून मान चारही बाजूंना फिरवायची. एवढ्यावर पास झालं, तर पंधरा किलोची पिशवी पाठीवर घेऊन भर पावसात गनर्स रिज डोंगराच्या माथ्यापर्यंत तीन फेऱ्या.

आणि खरी गंमत पुढेच. कॉफी गाळायचा कागद असतो ना, त्याचे तो अकरा चौकोनी तुकडे कापतो, पेन्सिलीनं आकडे घालतो आणि आतल्या शर्टाला पिनांनी लावतो: बगलेत, पाठीवर, खांद्यावर, गळ्याशी. कागद ओला झाला म्हणजे पाणी आलं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आलं कुठून? बाहेरून पाऊस, की आतून घाम? इथेच भलेभले फसतात. चढावर स्वतःच घामानं निथळतात आणि खाली येऊन दुकानदाराशी भांडतात. ऑर्विल भांडत बसत नाही. तो कागद काढतो आणि जिभेला लावतो. खारट असला तर घाम, अळणी असला तर पाऊस. चढावर थोडा घाम कुणालाही येणार, तो माफ. पावसाला माफी नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "शी, ऑर्विल. किळस नाही येत तुला?"

"मार्ज, तुझ्या हातची कॉफी पितो मी इतकी वर्षं," तो म्हणाला. "मला कसली किळस?"

असा हा माणूस. आता थियाचं सांगते.

थिया हाल्व्हर्सन आमच्याच गावची. शाळेत असल्यापासून ऑर्विलच्या गॅरेजमध्ये पडीक. तो फाटकी जाकिटं तिला द्यायचा आणि ती ती उसवून आत काय काय दडलंय ते बघत बसायची. पुढे व्हँकूव्हरला एका कारखान्यात नोकरीला लागली, आणि गेल्या वर्षी ती सोडून परत आली. धक्क्यावरची जाळ्यांची जुनी शेड भाड्यानं घेतली, दोन मशिनं टाकली आणि स्वतःचं जाकीट शिवलं. दोनशे दहा ग्रॅम! घडी केली की कॉफीच्या मगात मावतं. बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची, हे दोन्ही सांभाळून इतकं हलकं काही करणं म्हणजे पोरखेळ नव्हे.

डोंगरात हरवलेल्यांना शोधून आणणारं आमच्या गावचं एक पथक आहे. बावीस जण, सगळे हौशी, मी धरून. मी चढत नाही, वायरलेसवर बसून चढणाऱ्यांवर ओरडते. पथकाला या शरदात नवी जाकिटं घ्यायची होती. थियाची घेतली तर तिची शेड चालणार होती. नाही घेतली तर नोव्हेंबरात मशिनं गुंडाळून तिला पुन्हा व्हँकूव्हरच्या कारखान्यात जावं लागणार होतं, आणि तसं तिनं शेडच्या मालकाला सांगूनही ठेवलं होतं. पथकाचा निर्णय म्हणजे ऑर्विलचा शब्द, हे वेगळं सांगायला नको.

ऑर्विलनं तीन फेऱ्या केल्या आणि तिला घरी बोलावलं. मी तिथंच होते, त्याच्या बायकोबरोबर, बर्निसबरोबर, सफरचंदं सोलत.

"पाच कागद ओले," ऑर्विल म्हणाला. "पाठ, दोन्ही बगला, खांदा, गळा. पाचही अळणी. पोरी, पाणी येतंय."

थियाचा चेहरा उतरला, पण तिनं वाद घातला नाही. घरी जाऊन सगळ्या शिवणींवर नव्यानं पट्टी चिकटवली. ऑर्विल पुन्हा चढला. पुन्हा पाच, पुन्हा अळणी. मग तिनं जाकिटाच्या बाह्या आणि खालचा घेर घट्ट बांधला, गळ्यापर्यंत बादलीसारखं पाणी भरलं आणि शेडच्या आढ्याला टांगलं. दिवसभरात खाली थेंब नाही. धावत सांगायला आली.

"टांगलेलं जाकीट डोंगर चढत नाही," ऑर्विल म्हणाला.

ती गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "अरे, लहानपणापासून तुझ्या गॅरेजमध्ये वाढलीय ती. जरा सांभाळून घे की."

"भीड ही भिकेची बहीण, मार्ज. तिकडे वर डोंगरात कुणीतरी गारठून मरेल आणि मी म्हणू, पोरगी ओळखीची होती?" पण त्याचं जेवण उरलं त्या दिवशी. मला फार वाईट वाटलं, दोघांचंही.

रविवारी दुपारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये पथकाची सभा होती. आमच्यात प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा, आधी खायचं आणि मग भांडायचं, अशी रीत. मी सामन माशाचं दाट सूप नेलं होतं. आता कबूल करते: त्यात मी मीठ घातलं, आणि मी आंघोळीला गेल्यावर माझ्या नवऱ्यानं, डंकननं, चव न बघता पुन्हा घातलं. चाळीस वर्षांत स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्या माणसाला त्या दिवशीच मदत सुचली.

पहिल्या चमच्यालाच हॉलभर खोकला. पथकाचा प्रमुख रस कोवालचुक, एरवी बेकरी चालवतो, बापडा सभ्य आहे. तो म्हणाला, "मार्ज, सूप छान आहे, पण समुद्र जरा कमी घालायचा." माणसं एकेक करून वाट्या सरकवायला लागली.

ऑर्विल मात्र उठून दुसरी वाटी भरून घेऊन आला.

"अहो, टाका ते," बर्निस म्हणाली. "तोंडात धरवत नाहीये."

"का? बरं आहे की. तुझ्यासारखंच, अळणी."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"तू मीठ बंद केलंस ना, डॉक्टरांनी सांगितल्यापासून."

"ते पथ्य मी ईस्टरलाच सोडलं, पुन्हा मीठ घालतेय," बर्निस म्हणाली. "तेव्हापासून तुम्ही रोज अळणी, अळणी करताय. मला वाटलं, स्वभावच आहे."

ऑर्विलचा चमचा हातातच राहिला. त्यानं टेबलावरची मिठाची बाटली उचलली, तळहातावर चांगलं चमचाभर ओतलं आणि सगळ्यांसमोर चाटलं. त्याचं तोंडही वाकडं झालं नाही. फेब्रुवारीत त्याला मोठा ताप आला होता, पंधरा दिवस अंथरुणात होता. त्या तापानं काय नेलं होतं, ते त्याला ऑक्टोबरात माझ्या सुपानं सांगितलं.

हॉलमध्ये अजून कुणाला काही कळलं नव्हतं. गप्प राहिला असता तर कळलंही नसतं. पण तो उठला, बाहेर गाडीत गेला आणि थियाच्या जाकिटाच्या कागदांचं पाकीट घेऊन आला. प्रत्येक जाकिटाचे कागद तो तारीख घालून जपून ठेवतो. कागद वाळला तरी मीठ कुठे जातंय?

"माझी जीभ गेलीय," तो उभा राहून म्हणाला. "केव्हापासून, देव जाणे. या पोरीला मी दोनदा सांगितलं की तुझं जाकीट गळतंय. मला ते सांगायचा अधिकारच नव्हता. कुणीतरी हे चाखून बघा."

आता दुसऱ्याच्या बगलेतला कागद चाटायला कोण पुढे येणार? डोंगरकड्यावर दोरीनं उतरणारी धडधाकट माणसं बुटांकडे बघायला लागली. शेवटी रस उठला. त्यानं पाठीचा कागद जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "खारट." डावी बगल, खारट. उजवी बगल, "देवा रे, भयंकर खारट." खांदाही खारट. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. डंकन तर माझ्याकडे अशा ऐटीत बघत होता, जणू मीठ त्यानं ठरवूनच घातलं होतं.

थिया इतका वेळ भिंतीशी टेकून उभी होती. ती पुढे आली, रसच्या हातून पाचवा कागद, गळ्याचा, घेतला आणि म्हणाली, "हा मी बघते. शिवण माझी आहे."

तिनं तो जिभेवर ठेवला. डोळे मिटले. पुन्हा ठेवला. रस तोपर्यंत खुर्चीवर बसून वहीत मंजुरी लिहायला लागला होता, आणि बाकीचे केकच्या टेबलाकडे निघाले होते. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं, ऑर्विल सोडून.

"हा अळणी आहे," थिया म्हणाली.

केकच्या टेबलाकडे निघालेले मागे वळले.

"चेनीच्या वरच्या टोकातून पाऊस आत येतोय. बादलीसारखं भरलं तेव्हा पाणी त्या टोकापर्यंत पोचलंच नव्हतं. आतून कापडाची एक झडप लावायला पाहिजे. चार दिवस लागतील."

ऑर्विल तिच्याजवळ गेला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही. "पोरी, मला कळलंच नसतं," तो म्हणाला.

"म्हणून तर सांगितलं."

रसनं वहीतली ओळ खोडली. "मग असं करू. शनिवारपर्यंत थांबू, दुसऱ्या कुणाचं जाकीट बघायचं नाही. पण पुन्हा तपासणार कोण?"

"चालेन मी," ऑर्विल म्हणाला, "आणि चाखेल ही."

बावीसच्या बावीस हात वर गेले.