कडीसाहेब बाहेर अडकले

रक्ततपासणी केंद्रातली माणसं त्यांना कडीसाहेब म्हणत. केंद्राचा सर्व्हर ते घरबसल्या सांभाळत. बरणी असो की खिडकी, काही उघडं दिसलं की त्यांचा हात शिवशिवे. बायकोचा अर्धा प्यायलेला चहाही ते झाकून ठेवत.

सर्व्हरच्या मुख्य खात्याचा पासवर्ड ओळखायला जगभरचे रिकामटेकडे खटपट करतात, हे पाहून एका सकाळी त्यांनी बंदोबस्त केला. मुख्य खात्याला बाहेरून प्रवेश बंद. पासवर्डही बंद, आपल्या साध्या खात्यातून, लॅपटॉपमधल्या डिजिटल किल्लीनेच आत यायचं. असा बदल केला की स्क्रीनवरची जुनी खिडकी चालू ठेवून दुसरीतून आत जाऊन पाहावं, हे त्यांनीच इतरांना शिकवलं होतं. पण काम संपलं आणि स्क्रीनवर एक खिडकी उघडी! त्यांनी ती बंद केली.

मग कळलं, लॅपटॉपमधल्या किल्लीशी जुळणारी जोडकिल्ली सर्व्हरवर ठेवायची राहिली होती. आता सर्व्हर त्यांनाही ओळखेना. त्यात डिस्क भरत आलेली. दुपारच्या आत रिकामी केली नाही, तर रुग्णांचे रिपोर्ट अडकणार. आणि केंद्र पार दुसऱ्या शहरात.

"केंद्राच्या डॉक्टरबाईंना फोन लावा," बायको म्हणाली.

"आणि सांगू काय?"

"चोरांना बाहेर काढलं, त्यांच्याबरोबर मीही आहे, म्हणा."

फोन कानाला लावून डॉक्टरबाई केंद्रातल्या सर्व्हरपुढे कीबोर्ड घेऊन बसल्या. तिथे बसून मुख्य खात्यात शिरायला मनाई नव्हती. "हं, पासवर्ड बोला."

कडीसाहेब गॅलरीत गेले. तिथे रेंज नव्हती. परत आत आले. पासवर्ड असा असावा की तो आपल्याला सुचेल असं कुणाच्या स्वप्नातही येऊ नये, हे त्यांचं तत्त्व.

"रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता," ते पुटपुटले. "बायकोचंच... बरोबर... असतं."

"मोठ्याने हो! इथे पंख्यांचा आवाज आहे."

ते मोठ्याने बोलले. भाजी चिरणारी सुरी थांबली.

डॉक्टरबाईंनी कडीसाहेबांच्या साध्या खात्याला घटकाभर पासवर्डची मुभा दिली. ते आत शिरले, जोडकिल्ली बसवली, या वेळी जुनी खिडकी उघडी ठेवून तपासली, मुभा काढून घेतली आणि डिस्क रिकामी केली. रिपोर्ट निघत राहिले.

"दोघींना कळला म्हणजे आता पासवर्ड बदलावा लागणार," ते खाली मान घालून म्हणाले.

"बदला की," बायको म्हणाली. "तेवढ्याने ते खोटं थोडंच ठरतंय?"